विश्लेषण : पोवाड्यातला सिंहगड आणि पडद्यावरचा सिंहगड... पराक्रम नेमका कोणाचा?

तानाजी मालुसरे यांची कथा बखरीत आहे, पोवाड्यात आहे, कादंबरीत आहे आणि शंभर वर्षांत तिच्यावर किमान चार चित्रपट निघाले. प्रत्येक वेळी गड तोच राहिला. मात्र तो कोणी जिंकला, याचे उत्तर बदलत गेले. ते का आणि कसे?

दरवर्षी 19 फेब्रुवारीला आणि पुन्हा तिथीनुसार शिवजयंती आली, की वरळी नाका, बीडीडी चाळी, प्रभादेवी, परळ, लालबाग या पट्ट्यात ध्वनिक्षेपकांवर पोवाडे लागतात. अलीकडे त्यांच्या जोडीला चित्रपटांतील गाणी आणि संवादही ऐकू येतात. सिंहगडाची कथा त्यामुळे आजच्या मुलांपर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक वाट डफ-तुणतुण्याची, दुसरी मोबाइलच्या पडद्याची. दुसरी वाट रुंद आणि वेगवान आहे. ‘तान्हाजी : द अनसंग वॉरियर’ हा चित्रपट 10 जानेवारी 2020 रोजी प्रदर्शित झाला, देशात त्याने अडीचशे कोटी रुपयांहून अधिक कमाई केली आणि आता तो घरबसल्या पाहता येतो. मूळ पोवाडा अथपासून इतिपर्यंत ऐकलेली माणसे मात्र कमी होत चालली आहेत. म्हणूनच या दोन कथनांत काय फरक आहे, हे समजून घेणे गरजेचे आहे.

मूळ घटना काय?

1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात कोंढाणा होता. 1670 मध्ये महाराजांनी गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू केली आणि 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी निवडक मावळ्यांसह कोंढाण्यावर छापा घातला. मोगलांच्या बाजूने किल्लेदार होता उदेभान हा रजपूत सरदार. लढाईत तानाजी आणि उदेभान दोघेही मारले गेले. तानाजींचे धाकटे बंधू सूर्याजी यांनी लढाई पुढे नेली आणि गड ताब्यात आला.

या घटनेचा जुना मराठी वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या बखरीतील वर्णन अगदी आटोपशीर आहे. तानाजी स्वतःहून ही कामगिरी पत्करतात, दोन मावळे वानरासारखे कडा चढून जातात, वरून माळ सोडतात आणि सुमारे तीनशे लोक गडावर पोहोचतात. तानाजींची ढाल तुटते, ते डाव्या हातालाच ढाल करून लढतात आणि दोन्ही वीर एकमेकांच्या हातून पडतात. या वर्णनात घोरपड नाही, मुलाचे लग्न नाही आणि सोंगट्यांचा डावही नाही. हे सगळे आले ते पोवाड्यातून.

पोवाडा कोणाचा? तो छापला कोणी?

सिंहगडाचा पोवाडा तुळशीदास नावाच्या शाहिराच्या नावावर आहे. तो किती जुना, यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे. शिवकाळातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या पोवाड्यांत त्याचे नाव अज्ञानदासाच्या अफजलखान वधाच्या पोवाड्याबरोबर घेतले जाते. पिढ्यान् पिढ्या हे पोवाडे गोंधळी आणि शाहिरांच्या तोंडी होते. कागदावर ते नीट उतरले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

या कामाचा मध्य मुंबईशी थेट संबंध आहे. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय अनेकांना माहीत असते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते हॅरी अ‍ॅक्वर्थ हे ब्रिटिश सनदी अधिकारी मुंबईचे महापालिका आयुक्त होते. त्यांनीच शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे 1894 मध्ये त्यातील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतरही अ‍ॅक्वर्थ यांनी काढले. सिंहगडाचा पोवाडा त्यात आहे. नंतर य. न. केळकर यांनी 1928 मध्ये ‘ऐतिहासिक पोवाडे’ या ग्रंथातून हे काम अधिक चिकित्सक पद्धतीने पुढे नेले.

पोवाड्यातील कथा काय सांगते?

पोवाड्याची सुरुवात रणांगणावर होत नाही. ती होते एका आईपासून. जिजाबाई प्रतापगडावर सकाळी केस विंचरत असतात. त्यांची नजर कोंढाण्यावर जाते. (प्रतापगड आणि सिंहगड यांतील अंतर पाहता ही शाहिराची नजर आहे, हे उघड आहे.) त्या शिवाजी महाराजांना तातडीने बोलावून घेतात आणि सोंगट्यांचा डाव मांडतात. महाराज हरतात. हरल्यावर काय हवे, असे विचारताच आई कोंढाणा मागते. महाराज दुसरे किल्ले देऊ करतात. कोंढाणा म्हणजे वाघाचा जबडा आहे, तिकडे गेलेला परत येत नाही, असे समजावून पाहतात. आई ऐकत नाही. शाप देईन, असे बजावते. छत्रपती इथे आईपुढे हतबल झालेला मुलगा आहे.

मग तानाजींना पत्र जाते. पोलादपूरजवळच्या उमरठ गावी त्यांचा मुलगा रायबा याच्या लग्नाची तयारी सुरू असते. पत्र मिळताच ते मुलाच्या लग्नाआधी कोंढाण्याचे लग्न लावायचे ठरवतात. तो उद्गार आज मराठीत म्हणीसारखा वापरला जातो. पण पोवाड्यातले तानाजी मुकाट्याने निघत नाहीत. ऐन लग्नघरातून का बोलावले, असा जाब विचारायला आल्यासारखे ते फौज घेऊन येतात. महाराज सांगतात, बोलावणे माझे नाही, आईचे आहे. जिजाबाई तानाजींना ओवाळतात, त्यांना धाकटा मुलगा मानतात, आलेल्या फौजेला जेवू घालतात. तिथे राग विरघळतो.

यानंतर तानाजी पाटलाचा वेश घेऊन गडाच्या पायथ्याशी पहाऱ्यावरच्या कोळ्यांना भेटतात. (हे डोंगरकोळी. वरळी कोळीवाड्यातल्या दर्यावर्दी कोळ्यांशी त्यांची गल्लत करू नये.) विड्याची देवघेव होते, दागिने दिले जातात, ओळख वाढते आणि गडाची खडान् खडा माहिती मिळते. कुठला कडा चढता येईल, वर किती माणसे, किल्लेदाराच्या सवयी काय, हे सगळे कोळी सांगतात.

मग येते यशवंत घोरपड. ती कड्यावर अर्ध्यात जाऊन परत फिरते. सोबत असलेले ऐंशी वर्षांचे शेलारमामा म्हणतात, हा अपशकुन आहे, परत फिरू. तानाजी घोरपडीलाच मारण्याची धमकी देतात आणि ती पुन्हा चढते. पन्नासेक माणसे वर गेल्यावर दोर तुटतो. आता वर गेलेल्यांना परतीची वाट नाही.

गडावर उदेभानाकडून आधी चंद्रावळी नावाचा हत्ती येतो, मग सिद्दी हिलाल येतो, मग उदेभानाचे मुलगे येतात. तानाजी एकेकाला पाडतात. शेवटी उदेभान स्वतः येतो आणि तानाजी पडतात. उदेभानाला मारतात ते शेलारमामा. शेवटी महाराज गडावर येतात, शोक करतात आणि पुढे रायबाचे अडलेले लग्न पार पडते.

मग इतिहास कोणता आणि कल्पना कोणती?

पोवाड्यात अतिशयोक्ती भरपूर आहे. तानाजींची फौज बारा हजारांची आहे. उदेभानाला अठरा बायका आहेत आणि एका जेवणात तो गाय, मेंढरे आणि मणावारी तांदूळ फस्त करतो. बखरीतला किल्लेदार माणूस आहे, पोवाड्यातला राक्षस आहे.

घोरपडीचेही तसेच. ती कपारीत घट्ट रुतून बसते, हे खरे. मात्र काही किलो वजनाचा हा प्राणी दोराला लटकलेल्या माणसांचा भार पेलेल, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. बखरीत कडा चढतात ती माणसेच.

गडाच्या नावाबद्दलही असेच आहे. सिंहासारखा तानाजी गेला म्हणून कोंढाण्याला सिंहगड नाव पडले, ही समजूत घट्ट रुजली आहे. पण 1663 च्या एका शिवकालीन पत्रात सिंहगड हे नाव आधीच येते. म्हणजे नाव लढाईपूर्वी किमान सात वर्षे वापरात होते.

त्यामुळे पोवाडा खरा आणि चित्रपट खोटा, अशी सोपी विभागणी इथे लागू पडत नाही. दोघेही इतिहासाला आपापल्या पद्धतीने वाकवतात. वाकवण्याची दिशा मात्र वेगळी आहे.

पडद्यावर ही कथा केव्हा आली?

चित्रपटाआधी कादंबरी आली. हरि नारायण आपटे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘गड आला पण सिंह गेला’ लिहिली. तिच्यात त्यांनी कमलकुमारी हे पात्र आणले. सती जायला निघालेल्या या विधवेला उदयभानू पळवून गडावर आणतो. गडाच्या लढाईला त्यामुळे एका स्त्रीच्या सुटकेची जोड मिळाली. तुळशीदासाच्या पोवाड्यात हे कथानक नाही.

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘सिंहगड’ हा मूकपट केला. तो 1923 मध्ये आला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याचे नाव घेतले जाते आणि कारणही समजण्यासारखे आहे, कारण कथेचा मुख्य भाग रात्री घडतो. या मूकपटात शेलारमामांची भूमिका एका तरुणाने केली होती. त्याचे नाव व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, 1933 मध्ये, याच शांताराम यांनी प्रभात कंपनीसाठी ‘सिंहगड’ हा बोलपट दिग्दर्शित केला. त्याचा आधार आपटे यांची कादंबरी होती.

2020 मध्ये ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ आला. अजय देवगण तान्हाजी, सैफ अली खान उदयभान, शरद केळकर शिवाजी महाराज, काजोल सावित्रीबाई. त्याला लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तर अजय देवगण यांना अभिनयाचा. त्यानंतर 25 ऑगस्ट 2023 रोजी दिग्पाल लांजेकर यांचा मराठी ‘सुभेदार’ प्रदर्शित झाला. त्यात अजय पूरकर तानाजींच्या, चिन्मय मांडलेकर शिवाजी महाराजांच्या आणि मृणाल कुलकर्णी जिजाबाईंच्या भूमिकेत होते.

‘तान्हाजी’तही उदयभानने पळवून आणलेली विधवा आहे. म्हणजे जो धागा पोवाड्याचा समजला जातो, तो प्रत्यक्षात शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या कादंबरीचा आहे. ‘मूळ कथेत आहे’ असे म्हणताना मूळ कोणते, हे पाहावे लागते ते यामुळेच.

चित्रपटाने नेमके काय बदलले?

पहिला बदल मोहिमेच्या कारणाचा. पोवाड्यात आई डाव जिंकते आणि गड मागते. चित्रपटात कोंढाणा परत येईपर्यंत पायात वहाणा घालणार नाही, अशी जिजाबाईंची प्रतिज्ञा आहे. त्यातच गडावर आणली जाणारी प्रचंड ‘नागिन’ तोफ आणि तिच्यामुळे स्वराज्याला असलेला धोका यांची भर पडते. सोंगट्यांच्या डावावर माणसे मरायला पाठवणे आजच्या प्रेक्षकाला पचणे कठीण. तोफ मात्र लगेच समजते. पण या बदलात जिजाबाईंची भूमिका आक्रसली. पोवाड्यात निर्णय त्यांचा आहे. राजालाही तो फिरवता येत नाही.

दुसरा बदल तानाजींच्या रागाचा. पोवाड्यातला सरदार राजाला जाब विचारू शकतो. चित्रपटात महाराज मुलाच्या लग्नामुळे त्यांना मोहिमेपासून दूर ठेवू पाहतात आणि तान्हाजी हट्टाने ती मागून घेतात. हा भाग बखरीच्या जवळचा आहे, कारण तिथेही तानाजी स्वतः पुढे होतात. यात त्याग अधिक उजळ झाला. मात्र घरचे लग्न सोडताना होणारी चिडचिड, जी कुठल्याही घरात समजेल, ती गेली.

तिसरा बदल खलनायकाचा. पोवाड्यातला उदेभान खादाड आणि विलासी राक्षस आहे. चित्रपटातला उदयभान क्रूर, लहरी आणि जवळपास नायकाइतकाच वेळ पडद्यावर आहे. सैफ अली खान यांनी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर एका मुलाखतीत, आपल्याला हा इतिहास वाटत नाही, असे जाहीरपणे म्हटले आणि त्यावरून वादही झाला. अतिशयोक्तीच्या बाबतीत शाहीर आणि पटकथाकार एकमेकांचे भाऊबंद आहेत. फरक ऐकणाऱ्याच्या मनात पडतो. अठरा बायकांचे वर्णन ऐकताना श्रोता हसतो, त्याला अतिशयोक्ती कळते. दाढी, डोळे, कपडे यांसह समोर उभा केलेला खलनायक मात्र डोळ्यांना खरा वाटतो. त्याचाच चेहरा मुलांच्या मनात ‘मोगल’ म्हणून बसतो आणि तो स्वतः रजपूत होता, हे मागे पडते.

चौथा बदल सर्वांत महत्त्वाचा. उदेभानाला कोण मारतो? बखरीत दोघे एकमेकांच्या हातून पडतात. पोवाड्यात तानाजी आधी पडतात आणि ऐंशी वर्षांचे शेलारमामा सूड घेतात. चित्रपटात एक हात गमावलेले तान्हाजी स्वतःच उदयभानचा शेवट करतात आणि महाराजांच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतात.

हा शेवटचा बदल इतका महत्त्वाचा का?

पोवाड्याची रचना पाहिली, तर गड एकट्याने जिंकलेला नाही. आईने मागणी केली. कोळ्यांनी वाट सांगितली. घोरपड चढली. पन्नास माणसे दोराने वर गेली. तानाजी लढता लढता पडले. सूर्याजींनी मोडलेली फळी सावरली. म्हाताऱ्या मामांनी किल्लेदार मारला. नायक मध्येच पडतो आणि तरीही काम पूर्ण होते. हाच या कथेचा गाभा आहे. दोर तुटल्याचा प्रसंगही तेच सांगतो. पुढच्या काळातील कथनांत आणि शाळेच्या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचलेल्या कथेत, परतीचे दोर कापले आहेत असे सूर्याजी पळणाऱ्या मावळ्यांना सुनावतात. दोन्ही ठिकाणी कळीचा क्षण तानाजी गेल्यानंतरचा आहे.

चित्रपटात सूर्याजी आहेत, शेलारमामा आहेत, मावळेही आहेत. पण निर्णायक घाव नायकाचा असतो, कारण सव्वादोन तास प्रेक्षक ज्या ताऱ्यासाठी बसला आहे त्याच्याकडेच शेवटची लढत असावी लागते. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो तेव्हा एका वेळी एकच चेहरा मावतो. मोठ्या खर्चाच्या चित्रपटाला या नियमाबाहेर जाणे परवडत नाही. परिणाम असा, की ‘नायक पडला तरी गड घेता येतो’ ही पोवाड्याची शिकवण ‘नायक होता म्हणून गड मिळाला’ अशी होते.

पोवाडा असा सामूहिक का?

याचे एक कारण सादरीकरणात आहे. शाहीर डफ वाजवत कथा पुढे नेतो, मध्येच थांबून बोलीत प्रसंग समजावतो आणि मागचे झिलकरी ‘जी जी’ म्हणत सूर धरतात. तुणतुणे आणि झांज साथीला असतात. एकच माणूस आई होतो, राजा होतो, कोळी होतो आणि उदेभानही होतो. कुठलाही चेहरा कायमचा त्याच्याकडे राहत नाही. त्यामुळे घोरपडीपासून जिजाबाईंपर्यंत प्रत्येकाला कथेत हक्काची जागा मिळते. समोरच्या गर्दीत मालुसऱ्यांच्या गावचा कोणी असेल, शेलारांचा असेल, पहारेकऱ्यांच्या कुळातला असेल. शाहिराला सगळ्यांना सोबत न्यायचे असते.

दुसरे कारण श्रोत्यांत आहे आणि इथे वरळीचा संबंध येतो. 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या 207 बीडीडी चाळींपैकी 121 एकट्या वरळीत होत्या. बाकीच्या नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीत. 160 चौरस फुटांच्या या खोल्यांत आणि आसपासच्या गिरणगावात कोकण, सातारा आणि घाटावरून आलेली माणसे राहिली. तानाजींचे उमरठ ज्या भागात आहे, त्या महाड-पोलादपूर पट्ट्यातूनही गिरणगावात माणसे आली. त्यांच्या दृष्टीने ही कथा पुस्तकातली नव्हती, गावाकडची होती.

याच गिरणगावाने पोवाड्याला नवे विषय दिले. अण्णा भाऊ साठे यांनी 1943 मध्ये थेट स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि आत्माराम पाटील यांच्या शाहिरीने मैदाने भरली. त्याही आधी, 1869 मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून त्यांना शेतकरी-कष्टकऱ्यांचा राजा म्हणून मांडले होते. म्हणजे पोवाडा नेहमीच आपल्या काळाची बाजू घेत आला. पण वीर बदलला तरी वीराच्या मागे उभी असलेली माणसे शाहिराने गाळली नाहीत.

मग चित्रपटाने काहीच दिले नाही का?

दिले. महाराष्ट्राबाहेर तानाजी मालुसरे हे नाव 2020 नंतर जितक्या घरांत पोहोचले तितके आधी पोहोचले नव्हते. कडा किती उभा आहे, रात्रीचा छापा म्हणजे काय, अंधारात शंभर-दोनशे माणसांनी दोराला लोंबकळणे किती भयंकर असेल, हे डोळ्यांना दाखवण्याची ताकद चित्रपटात आहे. पोवाड्याला ते ऐकणाऱ्याच्या कल्पनेवर सोडावे लागते. सावित्रीबाईंच्या रूपाने तानाजींचे घरही चित्रपटात अधिक ठळक दिसते. शिवाय शाहिरांचे कार्यक्रम कमी झाले असताना चित्रपटामुळे अनेक तरुण पुन्हा पोवाड्याकडे वळतात.

पोवाड्यानेही माध्यमे बदललीच. शाहीर साबळे, बाबासाहेब देशमुख, पिराजीराव सरनाईक, विठ्ठल उमप यांचे आवाज ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून घराघरांत गेले. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी वरळीतूनच सुरू झाले आणि लोककलांना छोटा पडदा मिळाला. मात्र दर वेळी वेळेची कात्री लागली. रात्रभर चालणारा पोवाडा काही मिनिटांचा झाला. वगळले गेले ते आधी सोंगट्यांचा डाव, मग कोळ्यांची भेट, मग जेवणाची पंगत. उरली ती लढाई. चित्रपटाने जे केले, त्याची सुरुवात पोवाड्याच्या छोट्या आवृत्त्यांनी आधीच केली होती, हेही मान्य करावे लागेल.

पाहताना आणि ऐकताना काय लक्षात ठेवावे?

एक, तिन्ही प्रकारच्या कथनांचे काम वेगळे आहे. बखर घडलेले थोडक्यात सांगते, पोवाडा त्याचा अर्थ लोकांच्या भाषेत लावतो आणि चित्रपट त्यातून एक अनुभव उभा करतो. एकाची कसोटी दुसऱ्याला लावली तर तिघांवरही अन्याय होतो.

दोन, चित्रपटाच्या सुरुवातीला कल्पनास्वातंत्र्य घेतल्याची जी सूचना काही क्षण दिसते, ती वाचावी. घरातल्या लहान मुलांना तरी ती वाचून दाखवावी. शाहिराला अशी पाटी लावावी लागत नव्हती, कारण गाय आणि मणावारी तांदूळ खाणारा किल्लेदार ऐकल्यावर पाटीची गरजच उरत नसे.

तीन, चित्रपट पाहिल्यावर पोवाडा जरूर ऐकावा, शक्य तर छापील पूर्ण पाठ वाचावा. भाषा जुनी आहे, पण बोलीच्या जवळची आहे आणि मोठ्याने वाचली की अडत नाही. शाळिग्राम आणि केळकर यांचे संग्रह जुन्या ग्रंथालयांत सापडतात.

सिंहगडावर तानाजींची समाधी आहे. उमरठलाही त्यांची समाधी आहे आणि तिथेच शेलारमामांचीही आहे. पडद्यावर ज्या म्हाताऱ्याच्या हातून शेवटचा घाव काढून घेतला गेला, त्याला गावाने पुतण्या-भाच्यांच्या पंगतीत बसवावे तसे आपल्या वीराशेजारी जागा दिली आहे. वरळी-लालबागहून मुंबई-गोवा महामार्गाने गावी जाणाऱ्यांना पोलादपूर वाटेतच लागते. गड कोणी जिंकला, या प्रश्नाचे पोवाड्याने दिलेले उत्तर तिथे आजही पाहायला मिळते.